उंचीचा रकाना

अप्पा डॉक्टर माणसाला नावाने ओळखत नसत, वजनाने ओळखत. आयसीयूच्या दारात मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्यांनी मला डोक्यापासून बुटापर्यंत पाहिले आणि म्हणाले, "एकाहत्तर. बूट काढले तर सत्तर." त्यांच्या केबिनमध्ये काटा होता. त्यांनी मला बूट काढून त्यावर उभे केले. काटा सत्तरवर थांबला. अप्पांनी काट्याकडे पाहिले नाही, शेजारच्या नर्सकडे पाहिले, आणि ती रोजच्यासारखी हसली. माझी थोरली बहीण तेव्हा काचेपलीकडे व्हेंटिलेटरवर होती. मी तिच्याबद्दल विचारायला आलो होतो.

त्यांचे खरे नाव इथे देत नाही. सगळे त्यांना अप्पा म्हणत, तेवढे पुरे. घराणे भुसार मालाच्या आडतीचे. लहानपणी दुकानात बसून ते तुरीच्या पोत्याचे वजन नुसते बघून सांगत आणि वडील हमालांसमोर ते पोते काट्यावर चढवून खात्री करून घेत, ही गोष्ट ते स्वतः सांगत. महिनाभरात मी ती चार वेळा ऐकली. पहिल्यांदा ते पोते ऐंशी किलोचे होते, चौथ्यांदा शंभराचे झाले होते. गोष्टीच्या शेवटी एक वाक्य ठरलेले असे : "शरीर म्हणजे पोतंच हो. आत किती भरलंय ते कळलं की निम्मं निदान झालं." उरलेल्या निम्म्याबद्दल ते काही बोलत नसत.

ते लबाड असते तर हे लिहिणे सोपे गेले असते. ते लबाड नव्हते. सकाळी सात वाजता येत, दिवाळीतही येत. गरीब माणसाला त्यांनी परत पाठवल्याचे मी कधी ऐकले नाही. शहरात व्हेंटिलेटर हाताळणारे फार लोक नव्हते तेव्हा अप्पा ते काम शिकले आणि बरीच माणसे घरी पाठवली. अडचण अशी, की जे शिकले ते तिथेच संपले असे त्यांनी ठरवून टाकले होते. त्यानंतर कुणी काही सांगू लागले की ते तळहात पुढे करून म्हणत, "साकु, साकु." कन्नडमध्ये याचा अर्थ पुरे. आमच्या घरी हा शब्द जेवताना वाढणाऱ्याला म्हणतात. अप्पा तो ज्युनिअर डॉक्टरांना म्हणत.

माझ्या बहिणीला आम्ही अक्का म्हणतो. जुळे सोलापूरमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते, प्राथमिक शाळेत तीस वर्षे शिकवून निवृत्त झाली. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया झाला, ऑक्सिजन पुरेना, म्हणून घशात नळी घालून तिला यंत्रावर घेतले. दारात अप्पांनी तिला स्ट्रेचरवर पाहिले आणि सांगितले, "शहाऐंशी." केसपेपरवर तेच लिहिले गेले. तिथून पुढे ती शहाऐंशीच झाली. सकाळच्या राउंडला ते विचारत, "शहाऐंशीचा ताप किती?" शेजारच्या खाटेवर बावन्न होते आणि खिडकीपाशी एकशे चार.

यंत्राचे काम सांगायला सोपे आहे. माणूस स्वतः श्वास घेऊ शकत नाही तेव्हा ते ठरावीक हवा फुप्फुसात ढकलते. एका श्वासाला किती हवा, हे डॉक्टर ठरवतो. कमी पडली तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो. जास्त झाली तर आजारी फुप्फुस ताणले जाते, आणि फार ताणले तर फाटते. त्यासाठी जगभर एक नियम वापरतात : किलोमागे साधारण सहा मिलिलिटर. अप्पांना हा नियम पाठ होता. शहाऐंशी गुणिले सहा, पाचशे सोळा. त्यांनी पाचशेवर ठेवले आणि वर म्हणाले, "सोळा मी तिला सोडून दिले."

नियम बरोबर होता, फक्त त्यातले किलो वेगळे होते. ते काट्यावरचे किलो नसतात. ते उंचीवरून काढायचे असतात. माणूस जाड होतो तेव्हा पोट वाढते, दंड वाढतात, फुप्फुस वाढत नाही. ते त्याच्या उंचीला जेवढे असायचे तेवढेच राहते. हे मला तेव्हा माहीत नव्हते. अप्पांना माहीत असायला हवे होते. पुस्तकात नियमाच्या खालच्याच ओळीत ते लिहिलेले असते.

केसपेपरवर उंचीचा रकाना होता. तो कसा भरला जाई, हे मला नंतर तिथल्याच एका सिस्टरने मोकळेपणाने सांगितले. केसपेपर आधी संगणकावर भरत, आणि रकाना रिकामा ठेवला तर पुढचे पान उघडत नसे. झोपलेल्या, नळ्या लावलेल्या माणसाची उंची मोजत कोण बसणार? म्हणून बाई असेल तर पाच फूट दोन इंच आणि पुरुष असेल तर पाच फूट सहा इंच, असे कधीतरी ठरले आणि चालू राहिले. त्या आयसीयूत वर्षानुवर्षे एकाच उंचीच्या बाया दाखल होत होत्या, आणि ते कुणालाच विचित्र वाटले नव्हते. अप्पांना तर वाटायचे कारणच नव्हते. ते त्या रकान्याकडे पाहतच नसत.

तो रकाना पाहणारी एक मुलगी तिथे होती. श्रीलता, रेस्पिरेटरी थेरपिस्ट. यंत्र लावणे, त्याची मापे बघणे, रुग्णाला हळूहळू त्यावरून उतरवणे, हे तिचे काम. सोलापूरजवळच्या कुंभारी गावची, घरी तेलुगू बोलणारी, आई विड्या वळणारी. नोकरी कंत्राटी होती आणि दर सहा महिन्यांनी तिच्या कागदावर अप्पांची सही लागत असे. तिच्या एप्रनच्या खिशात शिंप्याचा टेप असायचा. नवीन रुग्ण आला की ती खाटेशी जाऊन टाचेपासून डोक्यापर्यंत त्याला मोजायची आणि आकडा एका छोट्या वहीत लिहायची. केसपेपरवर लिहायची तिला परवानगी नव्हती.

अप्पा तिला टेलर म्हणत.

दुसऱ्या दिवशीच्या राउंडला मी आणि दाजी खाटेपासून दोन हातांवर उभे होतो. दाजी म्हणजे अक्काचे यजमान, मूळचे वळसंगचे. नातेवाइकांना सकाळी अकरा ते सव्वाअकरा आत सोडत. अप्पा आले, त्यांच्यामागे दोन ज्युनिअर, त्यांच्यामागे श्रीलता. तिने हळू आवाजात सांगितले, की या बाईंची उंची एकशे सत्तेचाळीस सेंटिमीटर आहे, त्या हिशेबाने वजन एक्केचाळीस धरावे लागेल, म्हणजे एका श्वासाला अडीचशे. आपण दुप्पट देतोय. फुप्फुसातला दाब तीसच्या आत हवा, तो अडतीस आहे.

अप्पा थांबले. तिच्याकडे न पाहता ज्युनिअरांना म्हणाले, "टेलर म्हणते बाई एक्केचाळीस किलोची आहे." ज्युनिअर हसले. मग ते तिच्याकडे वळले. "माप झालं ना घेऊन? आता ब्लाऊज कधी देणार शिवून?"

अक्का डोळे मिटून पडली होती. तिचा नवरा दोन हातांवर होता, भाऊ त्याच्या शेजारी होता. मी पंचवीस वर्षे लोकांना प्रश्न विचारून पोट भरलेले आहे. त्या दिवशी विचारला नाही. मी तोंड उघडतोय असे दिसताच दाजींनी माझे कोपर धरले आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "आवो पावणं, लई मोठा डॉक्टर हाय त्यो. तुमी तुमच्या बातम्या लिवा. हितं काय इचारू नगा." मी गप्प बसलो, हे नोंदवून ठेवतो. अप्पांबद्दल जे लिहितो आहे त्यातला थोडा भाग माझ्याही वाट्याला येतो.

तिसऱ्या दिवशी यंत्राचा अलार्म वाजू लागला. दाब चाळीसच्या वर गेला की तो वाजतो. अप्पांचे अलार्मबद्दलचे मत पक्के होते. "हे मशीन म्हणजे लाडावलेलं पोरगं. जरा काय झालं की रडतं. त्याला गप करायला शिकलं पाहिजे." त्यांनी अलार्मची मर्यादा चाळीसवरून पन्नासवर नेली. यंत्र गप्प झाले. दाजींना बरे वाटले. मला म्हणाले, बघा, डॉक्टरांनी हात लावला आन् आवाज बंद झाला.

चौथ्या दिवशी दुपारी तीन वाजता अक्काचे उजवे फुप्फुस फाटले. हवा छातीच्या पोकळीत भरली, ऑक्सिजन झरझर खाली आला, ओठ निळे पडले. सर्जन बोलावून बरगड्यांमधून नळी घालून ती हवा बाहेर काढली. वीस मिनिटांचे काम झाले. आम्ही बाहेरच होतो. दाजी जिन्यात बसले होते आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होते, की आता काय करायचे.

चार वाजता अप्पा बाहेर आले. आवाज शांत होता. म्हणाले, असे होऊ शकते, न्यूमोनिया वाईट आहे. मग त्यांनी हे जोडले : "वजन फार आहे हो तुमच्या पेशंटचं. जाड माणसाला आम्ही तरी काय करणार?" आता पाचशेचे साडेचारशे करतो, असेही सांगितले, बाजारात पन्नास सोडून द्यावेत तसे.

श्रीलता त्यांच्यामागे दारात उभी होती. तिचे बोलून झालेले होते.

मी विचारले, "डॉक्टर, तिची उंची किती आहे?"

त्यांनी ज्युनिअरच्या हातातला केसपेपर घेतला, पान उलटले. "पाच-दोन."

मी म्हणालो, ती शाळेत प्रार्थनेला उभी राहायची तेव्हा सातवीची मुलं तिच्या डोक्यावरून पलीकडचं बघायची. स्वयंपाकघरातला वरचा डबा काढायला ती स्टूल घेते. ती चार फूट दहा इंच आहे. तुम्ही चार दिवस तिला रोज दोनदा बघताय.

अप्पा मला म्हणाले, "तुम्ही पत्रकार आहात. डॉक्टर आहात का?"

नाही, मी म्हणालो. म्हणून विचारतोय.

जिन्यातून दाजी उठून आले. मला वाटले, आता माझे कोपर पुन्हा धरतील. त्यांनी अप्पांपुढे हात जोडले आणि म्हणाले, "अप्पा, ती पोरगी काय म्हणत हुती ते एकदा करून तरी बघा की. माझी बायको हाय ती. मला दुसरी न्हाय."

अप्पांनी मनात काय तोलले ते मला कळणे शक्य नाही. पुढे जे केले तेवढे सांगतो. त्यांनी केसपेपर श्रीलताच्या हातात दिला. "कर तुला काय करायचंय ते. पण लिहायचं तू, सही तुझी. वेळ टाक. उद्या काही झालं तर मी नाही म्हणून सांगेन."

तीस वर्षांचा अनुभव असलेल्या डॉक्टरने सहा महिन्यांच्या कंत्राटावरच्या मुलीला निर्णय असा दिला. मोठेपणा म्हणून नाही, स्वतःचे अंग काढून घेण्यासाठी. श्रीलताने भिंतीला कागद टेकवून लिहिले : उंची एकशे सत्तेचाळीस, एका श्वासाला अडीचशे, मिनिटाला अठ्ठावीस श्वास. खाली सही, खाली वेळ : चार वाजून बावीस मिनिटे. मग आत जाऊन तिने अलार्मची मर्यादा पुन्हा चाळीसवर आणली.

तासाभरात दाब अठ्ठावीसवर आला. पण लहान श्वासांचा एक परिणाम ठरलेला असतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड थोडा वाढतो. दुसऱ्या दिवशी रिपोर्टमध्ये तो वाढलेला दिसला. राउंडला अप्पांनी तो कागद दाजींसमोर धरला. चेहरा प्रसन्न होता. "कार्बन चढतोय. मी सांगितलं होतं." दाजींनी घाबरून श्रीलताकडे पाहिले आणि तिला म्हणाले, बाई, डॉक्टर म्हणत्यात तसं कर आता. तिने दाजींना उत्तर दिले नाही. अप्पांना दिले. "सर, रक्त जरा आंबट झालंय, पण पीएच सात पॉइंट पंचवीस आहे. एवढं चालतं. मोठा श्वास दिला तर कार्बन उतरेल की, पण दुसरं फुप्फुस जाईल. मी ठेवते तसंच." आणि वहीत नाही, केसपेपरवर लिहून पुन्हा सही केली. अप्पा "साकु" म्हणून पुढच्या खाटेकडे, बावन्नकडे गेले.

अक्का त्यानंतर नऊ दिवस यंत्रावर होती. त्यातल्या सहाव्या दिवसापासून श्रीलता रोज सकाळी झोपेचे औषध थांबवून तिला स्वतः श्वास घेऊन बघायला लावी, पहिल्या दिवशी दहा मिनिटे, मग अर्धा तास, मग दोन तास. नळी काढली त्या सकाळी अप्पा हजर होते. अक्काला खोकला आला, ती जड आवाजात काहीतरी म्हणाली. दाजी अप्पांच्या पाया पडले. अप्पांनी त्यांना उठवले, खांद्यावर थोपटले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. श्रीलता कफ ओढायची सक्शनची नळी गुंडाळत होती.

डिस्चार्जच्या कागदावर लिहिले होते, की रुग्णावर फुप्फुसाचे संरक्षण होईल अशा पद्धतीने उपचार केले गेले. खाली अप्पांची सही. श्रीलताचे नाव कुठे नव्हते. मी विचारायला केबिनमध्ये गेलो. मला वाटले होते, ते चिडतील किंवा टाळतील. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "अहो, ह्या पेशंटमध्ये श्वास लहानच ठेवावा लागतो. उंचीप्रमाणे. मी पहिल्यापासून तेच सांगतोय सगळ्यांना." मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले. खोटे बोलणारी माणसे पाहण्याचा मला सराव आहे. ते खोटे बोलत नव्हते. त्यांना खरोखरच तसे आठवत होते. पंधरा दिवसांत त्यांनी स्वतःची चूक पुसून तिथे दुसऱ्याचे बरोबर लिहून घेतले होते, आणि हे आपण केले हेही त्यांना ठाऊक नव्हते. लबाड माणसाला निदान आपण काय चोरले ते माहीत असते.

चार महिन्यांनी श्रीलताचे कंत्राट संपले. पुढच्या कागदावर सही झाली नाही. कारण लिहिलेले नव्हते. ती दुसऱ्या एका लहान हॉस्पिटलात गेली, घरापासून लांब, रोज दोन बस बदलून.

त्यानंतर वर्षभराने शहरातल्या तरुण डॉक्टरांपुढे अप्पांचे व्याख्यान झाले. बातमीसाठी मला पाठवले होते. त्यांनी अक्काची केस सांगितली, नाव न घेता. पडद्यावर क्ष-किरण चित्र होते, फाटलेल्या फुप्फुसाचे. ते कशामुळे फाटले हे सांगितले नाही. मग आपण काय केले हे सांगितले. शेवटी म्हणाले, आमच्याकडे आता दाखल होणाऱ्या प्रत्येक पेशंटची उंची टेपने मोजल्याशिवाय व्हेंटिलेटर लावत नाहीत. तशी मी लेखी ऑर्डर काढली आहे. टाळ्या बऱ्याच वेळ वाजल्या. कुणीतरी विचारले, ही कल्पना कशी सुचली. अप्पा हसले. "अनुभव," म्हणाले.

मी बातमी दोन परिच्छेदांत दिली. व्याख्यान झाले, उपस्थित कोण होते, ते काय म्हणाले. यातले एकही वाक्य खोटे नव्हते, म्हणून छापून आले. अप्पांनी फोन करून आभार मानले आणि अक्काची चौकशी केली. त्यांना तिचे नाव आठवले नाही.

त्या संध्याकाळी मी श्रीलताला फोन केला. मला राग आलेला होता आणि तिलाही यावा असे मला वाटत होते. मी तिला सगळे सांगितले, चित्र, ऑर्डर, टाळ्या, तो एक शब्द. ती ऐकत होती. मागे बसचा आवाज येत होता.

"सगळ्यांची मोजतात का आता, काका?" तिने विचारले.

तसे म्हणाले, मी म्हणालो.

"मग झालं की." तिने पुढे विचारले, "गुडघे सरळ करून मोजतात का, तेवढं बघाल का? पेशंट पाय दुमडून पडलेला असतो. तसंच मोजलं तर दोन-तीन इंच कमी भरतात."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी नातेवाइकांच्या रांगेतून आत गेलो. एक म्हातारे गृहस्थ नुकतेच दाखल झाले होते. एका नर्सने त्यांचे दोन्ही गुडघे हाताने दाबून सरळ केले आणि दुसरीने टेप लावला. मी श्रीलताला तसे कळवले.